ओंबीवरचा मावा आणि शेतातला ढालकिडा : फवारणीआधी मोजणी का हवी

फेब्रुवारीच्या उत्तरार्धात पंजाब, हरियाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेशातील गहू निसवतो. कोवळी ओंबी पानाच्या खोळीतून बाहेर येते आणि त्याच दिवसांत तिच्यावर हिरवट, मऊ अंगाचे बारीक किडे गोळा होऊ लागतात. मराठीत या किडीला मावा म्हणतात. उत्तरेत तिलाच कुठे माहू, तर कुठे चेपा म्हणतात. ओंबी किड्यांनी भरलेली दिसली की शेतकऱ्याचा हात साहजिकच फवारणी पंपाकडे जातो. मात्र त्याच ओंबीवर अनेकदा आणखी एक जीव वावरत असतो. काळपट, लांबुळका, नारिंगी ठिपक्यांचा हा किडा म्हणजे ढालकिड्याची अळी असते आणि ती मावा खाण्यासाठीच तेथे आलेली असते. फवारणीत मावा मरतो आणि ही अळीही मरते.

ढालकिडा म्हणजे इंग्रजी नावाने परिचित असलेला लेडीबर्ड बीटल. तो मावा खातो, हे शालेय पुस्तकांतूनही सांगितले जाते. तथापि तृणधान्यांच्या शेतात त्याचा उपयोग नेमका कसा करावा, याबाबत बरेच गैरसमज आहेत. बाटलीतून आणून शेतात सोडायचे हे औषध नव्हे. गहू, सातू किंवा ज्वारीच्या पिकात तो बहुधा स्वतःहून येतो. त्याला ओळखणे, त्याची संख्या मोजणे आणि गरज नसताना त्याला न मारणे, एवढेच शेतकऱ्याच्या हाती असते. या तीन गोष्टींवर एका फवारणीचा खर्च वाचणार की वाया जाणार, हे ठरते.

मावा नुकसान कसे करतो

मावा पिकाच्या अन्नवाहिन्यांत सोंड खुपसून रस शोषतो. भारतातील गव्हावर त्याच्या अनेक जाती आढळतात. काही जाती पानांवर राहतात, तर काही पीक निसवताच ओंबीवर चढतात. रसात साखर भरपूर आणि प्रथिने कमी असल्याने किड्याला पुष्कळ रस शोषावा लागतो. नको असलेली साखर तो चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर टाकतो. पानांवर साचलेल्या या चिकट द्रवावर काळी बुरशी वाढते आणि पानाला मिळणारा प्रकाश अडतो. सर्वाधिक नुकसान ओंबी बाहेर पडल्यापासून दाणा दुधाळ अवस्थेत असेपर्यंत होते, कारण दाण्याकडे जाणारा रस वाटेतच शोषला जातो. दाणा घट्ट होऊ लागल्यावर मावा पिकाचे फारसे बिघडवू शकत नाही.

माव्याच्या काही जाती विषाणूही पसरवतात. सातूच्या पिवळ्या खुजेपणाचा विषाणू त्यांपैकी सर्वांत कुप्रसिद्ध असून तो गव्हालाही बाधतो. युरोपात हिवाळ्यापूर्वी पेरलेल्या पिकाला हा मोठा धोका असतो. विषाणू पसरवण्यासाठी थोडे मावेही पुरतात. त्यामुळे या बाबतीत ढालकिड्याकडून फारशी अपेक्षा ठेवता येत नाही.

माव्याचे खरे सामर्थ्य त्याच्या प्रजननात आहे. पीक उभे असताना दिसणारे बहुतेक मावे माद्या असतात. नराशिवायच त्या थेट पिल्लांना जन्म देतात. एक मादी दररोज काही पिल्ले घालते आणि अनुकूल हवामानात ती पिल्ले सुमारे आठ-दहा दिवसांत स्वतः माता होतात. गर्दी वाढली किंवा रस कमी झाला की पंख असलेली पिढी तयार होते आणि ती दुसऱ्या शेताकडे जाते. थंड, दमट हवा माव्याला मानवते. उन्हाचा ताप वाढून पीक पिकू लागले की त्याची संख्या आपोआप घसरते. जोराचा पाऊसही त्याला धुऊन काढतो.

मित्राची ओळख

उत्तर भारतातील गहू आणि मोहरीच्या शेतांत सर्वाधिक दिसणारा ढालकिडा म्हणजे सात ठिपक्यांचा, शास्त्रीय नावाने कॉक्सिनेला सेप्टेम्पंक्टाटा. त्याची लांबी साधारण ५ ते ८ मिलिमीटर असते. लाल, गोलसर पाठीवर सात काळे ठिपके असतात. दख्खनच्या पठारावर त्याच्याबरोबर चिलोमेनिस सेक्समॅक्युलाटा ही जात विपुल आढळते. आकाराने ती थोडी लहान असते आणि पिवळसर-नारिंगी पाठीवर तिच्या नागमोडी काळ्या रेषा असतात. चटक रंग हा पक्ष्यांसाठी इशारा असतो. डिवचल्यास ढालकिडा पायांच्या सांध्यांतून पिवळा, कडवट द्रव सोडतो.

मादी माव्याच्या वसाहतीजवळ पिवळी, लांबट अंडी उभी रचून पुंजक्याने घालते. एका पुंजक्यात साधारण २० ते ५० अंडी असतात. चार-पाच दिवसांत अळ्या बाहेर पडतात. कात टाकत टाकत त्या चार अवस्थांतून जातात आणि नंतर पानाला चिकटून कोष करतात. अंड्यापासून प्रौढ होण्यास तापमानानुसार सुमारे तीन ते चार आठवडे लागतात. एक अळी आपल्या आयुष्यात काही शे मावे फस्त करते. त्यातील मोठा वाटा शेवटच्या अवस्थेतील काही दिवसांत खाल्ला जातो. प्रौढ किडाही दिवसाला डझनावारी मावे खातो आणि कित्येक महिने जगतो.

ओळखीतील घोटाळा येथेच होतो. लाल ठिपकेदार भुंगेरा मित्र आहे, हे अनेकांना ठाऊक असते. परंतु त्याची अळी दिसायला अगदी निराळी असते. सहा पायांची, खरखरीत अंगाची, छोट्या मगरीसारखी दिसणारी ही अळी शत्रूच वाटते. पानाला चिकटलेला नारिंगी-काळा कोष तर किडा म्हणूनही ओळखू येत नाही. परिणामी मावा सर्वाधिक खाणारी अवस्थाच कीड समजून मारली जाते. उलट घोटाळाही होतो. वांगी, बटाटा यांची पाने खरवडून खाणारा एपिलॅक्ना भुंगेरा याच कुळातला आहे. त्याची पाठ निस्तेज असते, तिच्यावर बारीक लव असते आणि ठिपकेही अधिक असतात. गव्हाच्या ओंबीवरील चकचकीत, लाल पाठीच्या भुंगेऱ्याशी त्याची गल्लत होऊ नये.

संत्र्याच्या बागेतील विजय

कीड नियंत्रणाच्या इतिहासात ढालकिड्यांचे नाव १८८८-८९ मध्ये दुमदुमले. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात संत्रावर्गीय फळबागा पांढऱ्या, कापसाळ आवरणाच्या खवले किडीने मरणपंथाला लागल्या होत्या. ही कीड ऑस्ट्रेलियातून आलेली होती. अमेरिकी कृषी खात्याचे कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स व्हॅलेंटाइन रायली यांच्या पुढाकाराने अल्बर्ट कोबेले यांना ऑस्ट्रेलियात पाठवण्यात आले. तेथून त्यांनी व्हेडेलिया नावाचा छोटा ढालकिडा पाठवला. पहिल्या खेपांमध्ये मिळून अवघे १२९ भुंगेरे आले होते. त्यांच्या संततीने एक-दोन वर्षांत कीड आटोक्यात आणली. याच व्हेडेलियाला १९२० च्या दशकाच्या अखेरीस निलगिरीत आणण्यात आले आणि तेथील वॅटल वृक्षांवरील त्याच किडीविरुद्ध तो उपयोगी ठरला.

त्याआधी, १८९८ मध्ये, क्रिप्टोलिमस हा ढालकिडा ऑस्ट्रेलियातून भारतात आला होता. कॉफीवरील खवले किडीसाठी तो आणला गेला. त्या कामात त्याचा फारसा उपयोग झाला नाही. मात्र पिठ्या ढेकणाचा तो कर्दनकाळ ठरला. आज द्राक्षबागांत त्याचा वापर होतो.

या यशोगाथांमुळे ढालकिडा सोडला की कीड संपली, असा समज रुजला. प्रत्यक्षात ही दोन्ही यशे बहुवर्षायू झाडांवरील आणि जागच्या जागी राहणाऱ्या किडींवरील आहेत. बाग वर्षानुवर्षे उभी असते, कीड फारशी हलत नाही आणि व्हेडेलियाची पिढी झपाट्याने पूर्ण होते. चार-पाच महिन्यांत कापून जाणाऱ्या गव्हाची गोष्ट वेगळी आहे.

शर्यत आणि उशीर

गव्हावरील माव्याची लाट काही आठवड्यांचीच असते. तेवढ्या काळात माव्याच्या तीन-चार पिढ्या होतात, तर ढालकिड्याची जेमतेम एक. थंडीत मावा वाढू लागतो, तेव्हा ढालकिडा अजून सुस्त असतो. तो येऊन अंडी घालतो आणि अळ्या मोठ्या होतात, तोवर मावा बराच फोफावलेला असतो. पुढे अळ्या भरात येतात, त्या सुमारास पीक पिकू लागते आणि मावा ओसरू लागतो.

ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ ए. एफ. जी. डिक्सन यांनी २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ढालकिडे आणि मावा यांच्या नात्याची याच अंगाने मांडणी केली. भक्षकाच्या पिढीचा काळ भक्ष्याच्या पिढीपेक्षा बराच मोठा असेल, तर तो भक्ष्याला एकट्याने दाबून ठेवू शकत नाही, हे त्यांचे प्रतिपादन आहे. मादीचे वागणेही याला पूरक आहे. जेथे आधीच ढालकिड्याच्या अळ्या फिरलेल्या असतात, तेथे त्यांच्या वासाचा माग लागताच ती अंडी घालण्याचे टाळते. वसाहत लवकरच संपेल आणि उशिरा जन्मलेली पिल्ले उपाशी राहतील किंवा मोठ्या अळ्यांच्या तोंडी पडतील, हा धोका ती अशा रीतीने टाळते. स्वजातीची अंडी व अळ्या खाण्याची सवय या कुळात सर्रास आढळते.

हा उशीर किती टोकाला जाऊ शकतो, हे ब्रिटनने १९७६ मध्ये पाहिले. त्या वर्षी पिकांवर मावा प्रचंड वाढला. त्यापाठोपाठ सात ठिपक्यांचे ढालकिडे असंख्य झाले. पुढे कडक, कोरड्या उन्हाळ्यात मावा नाहीसा झाला आणि भुकेलेल्या ढालकिड्यांचे थवे किनारपट्टीवरील गावांत उतरले. माणसांना त्यांनी चावे घेतल्याच्या तक्रारीही झाल्या.

याचा अर्थ ढालकिडा निरुपयोगी आहे, असा नाही. मावा वाढू लागण्याच्या सुरुवातीलाच तो शेतात असला, तर लाटेची उंची कमी होते. त्याच्या जोडीला सिरफिड माशीच्या अळ्या, क्रायसोपा आणि माव्याच्या शरीरात अंडी घालणाऱ्या सूक्ष्म गांधीलमाश्या असतात. गांधीलमाशीने ग्रासलेला मावा फुगून तपकिरी, टणक होतो आणि पानाला चिकटून राहतो. या सर्वांचे एकत्रित काम मोलाचे असते. अनेक शेतांत मावा नुकसानीच्या पातळीपर्यंत पोहोचतच नाही, त्यामागे ही अदृश्य फौज असते.

सोडणे की राखणे

ढालकिडे गोळा करून विकण्याचा व्यवसाय अमेरिकेत जुना आहे. कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडाच्या पायथ्याशी हिप्पोडेमिया जातीचे ढालकिडे निष्क्रिय काळात लाखोंच्या संख्येने एकत्र जमतात. तेथून ते गोळा करून विकले जातात. परंतु निष्क्रिय काळ संपताच दूर उडून जाणे, ही त्यांची उपजत प्रवृत्ती असते. उघड्या शेतात सोडलेले बहुतेक किडे थोड्याच दिवसांत निघून जातात. प्रयोगशाळेत वाढवायचे, तर त्यांना जिवंत मावा पुरवावा लागतो आणि स्वजातिभक्षणामुळे खर्च वाढतो. हरितगृहातील भाजीपाल्याला हा खर्च परवडू शकतो. एकरी मर्यादित नफा देणाऱ्या गव्हाला किंवा ज्वारीला तो परवडणे कठीण आहे.

परदेशी जात आणण्यात आणखी एक धोका असतो. सात ठिपक्यांचा ढालकिडा मूळचा युरोप-आशियाचा. अमेरिकेत तो १९५६ ते १९७१ या काळात वारंवार सोडण्यात आला आणि १९७३ मध्ये न्यू जर्सीत त्याने बस्तान बसवल्याचे आढळले. तो पसरत गेल्यानंतर तेथील मूळच्या नऊ ठिपक्यांच्या ढालकिड्याची संख्या ईशान्येकडील राज्यांत कमालीची घटली. तो न्यूयॉर्क राज्याचा अधिकृत कीटक आहे. घट होण्यामागे एकच कारण होते, असे म्हणता येत नसले, तरी आगंतुकाशी झालेली स्पर्धा त्यातील एक प्रमुख कारण मानले जाते. भारतात हा प्रश्न उद्भवत नाही, कारण सात ठिपक्यांचा ढालकिडा येथलाच रहिवासी आहे. त्याला आणण्याची गरज नाही, राखण्याची आहे.

मोजणीचे सूत्र

राखणे म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाच्या शिफारशीनुसार गव्हावर सरासरी प्रत्येक ओंबीमागे ५ मावे आढळले, तरच फवारणीचा विचार करावा. मावा प्रथम शेताच्या कडांवर दिसतो. म्हणून प्रादुर्भाव झालेल्या पट्ट्यापुरतीच फवारणी करण्याचाही सल्ला दिला जातो. असे केल्यास शेताच्या मधल्या भागातील ढालकिडे वाचतात आणि पुढे तेच कडांकडे सरकतात.

काही ठिकाणी मित्रकीटकांची संख्याही हिशेबात धरली जाते. अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील कृषी विस्तार सेवेने गव्हावरील हिरव्या माव्यासाठी असा सल्ला दिला आहे : पिकाच्या ओळीत दर फुटामागे एक-दोन ढालकिडे किंवा अळ्या असतील, अथवा १५ ते २० टक्के माव्यांना गांधीलमाशीने ग्रासलेले असेल, तर फवारणी लांबवावी आणि मावा वाढतो आहे की घटतो आहे, हे पाहावे.

हे तर्कशास्त्र साध्या हिशेबाने समजते. समजा, एका चौरस मीटरमध्ये गव्हाच्या ४०० ओंब्या आहेत आणि प्रत्येकीवर सरासरी ५ मावे आहेत. म्हणजे त्या जागेत २,००० मावे झाले. एक अळी आयुष्यभरात ४०० मावे खाते असे धरले, तर तेवढ्याच माव्यासाठी ५ अळ्या लागतील. मावा दरम्यान वाढतच राहतो, म्हणून प्रत्यक्षात अधिक अळ्या हव्यात. चौरस मीटरला एखाद-दुसरा ढालकिडा दिसला म्हणून निर्धास्त राहता येणार नाही. मात्र ओंब्यांवर जागोजागी अळ्या दिसत असतील आणि दोन मोजण्यांमध्ये मावा वाढत नसेल, तर फवारणी म्हणजे स्वतःच्याच फौजेवर गोळीबार ठरतो. कारण स्पर्शाने मारणारी, व्यापक परिणामाची कीटकनाशके मित्र-शत्रू असा भेद करत नाहीत. फवारणीतून वाचलेला मावा पुन्हा आठ-दहा दिवसांत पिढी उभी करतो. ढालकिड्याला मात्र महिना लागतो. भक्षक नसलेल्या शेतात मावा पूर्वीपेक्षाही वेगाने परततो, हा अनुभव याच कारणाने येतो.

रब्बी ज्वारीचा चिकटा

महाराष्ट्रात हा प्रश्न गव्हापेक्षा रब्बी ज्वारीत अधिक जाणवतो. सोलापूर, अहिल्यानगर, मराठवाडा आणि लगतच्या उत्तर कर्नाटकात ओलाव्यावर घेतलेल्या ज्वारीच्या पानांखाली मावा वाढतो. त्याचा चिकट द्रव खालच्या पानांवर टपकून ती चकाकू लागतात. शेतकरी त्याला चिकटा म्हणतात. दाण्याबरोबर कडबाही खराब होतो, ही येथली खरी चिंता आहे. कोरडवाहू भागात ज्वारी माणसांसाठी जेवढी, तेवढीच जनावरांसाठी पेरली जाते. चिकटा व काळी बुरशी पडलेला कडबा जनावरे आवडीने खात नाहीत आणि बाजारात त्याचा भाव पडतो.

या शेतांत ढालकिडा आणि क्रायसोपा दोन्ही येतात. दख्खनच्या जुन्या पीकपद्धतीचा येथे नकळत फायदा होतो. ज्वारीच्या कडेने किंवा मधल्या ओळींत करडई पेरण्याची प्रथा या भागात आहे. करडईवरही मावा पडतो, परंतु त्याची जात वेगळी असल्याने तो ज्वारीवर वाढत नाही. ढालकिड्याला मात्र दोन्ही मावे चालतात. उत्तरेत मोहरी आणि गहू यांचे नाते असेच आहे. मोहरीचा मावा गव्हाला बाधत नाही, पण मोहरीवर पोसलेला ढालकिडा पुढे गव्हाकडे वळतो. मोहरीवर सरसकट फवारणी झाली, तर गव्हाच्या रक्षणासाठी येऊ शकणारी पिढी शेजारच्याच शेतात संपते.

काय करता येईल

कीड नियंत्रणासाठी एकात्मिक व्यवस्थापनाचे धोरण भारताने १९८५ मध्ये स्वीकारले. मित्रकीटकांच्या अभ्यासासाठी बेंगळुरू येथे राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरो, गहू व सातूसाठी कर्नाल येथे आणि भरडधान्यांसाठी हैदराबाद येथे भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या संस्था आहेत. तथापि अंतिम निर्णय बांधावरच होतो.

पेरणी वेळेवर करावी, कारण उशिरा पेरलेला गहू माव्याच्या ऐन हंगामात कोवळा असतो. नत्राची मात्रा शिफारशीपेक्षा वाढवू नये. हिरवेगार, लुसलुशीत पीक माव्याला अधिक मानवते. बांधावर कोथिंबीर, बडीशेप अशी फुलणारी पिके असावीत. मावा नसेल तेव्हा प्रौढ ढालकिडे परागकण व मधुरसावर तग धरतात. पीक निसवू लागताच आठवड्यातून दोनदा शेतात चार-पाच ठिकाणी ओंब्या तपासाव्यात. मावा मोजावा, तशाच ढालकिड्याच्या अळ्या, कोष आणि तपकिरी झालेले मावेही मोजावेत. मुंग्यांची ये-जा दिसल्यास तिची नोंद घ्यावी. चिकट द्रवाच्या मोबदल्यात मुंग्या माव्याची राखण करतात आणि ढालकिड्याला पिटाळतात. दाणा घट्ट झाला असेल, तर मावा दिसला तरी फवारणी टाळावी.

मावा नुकसानीच्या पातळीपलीकडे गेला, वाढतच राहिला आणि मित्रकीटक विरळ असले, तर फवारणी अटळ ठरते. तेव्हाही ५ टक्के निंबोळी अर्कासारखा तुलनेने सौम्य उपाय आधी पाहावा. रसायन वापरायचेच असेल, तर ते त्या पिकासाठी शिफारस केलेले असावे आणि प्रादुर्भाव झालेल्या पट्ट्यापुरतेच मारावे.

देशात गव्हाखाली ३ कोटी हेक्टरांहून अधिक क्षेत्र आहे. त्यातील प्रत्येक शेताला ढालकिडे पुरवणे कोणत्याही प्रयोगशाळेला शक्य नाही. ते आधीच तेथे येतात. पंप पाठीवर घेण्यापूर्वी शेतकरी ओंब्यांपाशी दहा मिनिटे थांबला आणि त्या काळपट, ठिपकेदार अळीला त्याने ओळखले, तर फवारणीचे पैसे त्याच्या खिशात राहतील आणि अळीचे काम सुरू राहील.